तुलनात्मक तक्त्यात एक रकाना वाढवा

प्रति,
सरकारी खरेदीचे निर्णय घेणारे मंत्री, खरेदी समित्यांचे सदस्य आणि निविदा उघडणारे अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

तुम्ही निविदा उघडता. मी त्यातून आलेली यंत्रं चालवत आलो. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात माझी सगळी नोकरी गेली. लिफाफे फुटतात, दरांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो, सर्वात कमी दरासमोर बरोबरची खूण पडते आणि फाइल पुढे सरकते. पुढे अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, मंत्री बदलतात. ती खूण मात्र पंचवीस वर्षं पंपघरात उभी असते, आणि रात्री दोन वाजता ती बंद पडली की फोन आम्हाला येतो. म्हणून हे पत्र.

देशातल्या पुरवठादाराला झुकतं माप द्यावं की स्वस्त पडणाऱ्या परदेशी कंत्राटदाराला काम द्यावं, हा वाद तुमच्याकडे वारंवार येतो. एक बाजू म्हणते जनतेचा पैसा वाचवा, दुसरी म्हणते आपल्या लोकांच्या हाताला काम द्या. दोन्हीकडची माणसं तळमळीनं बोलतात. ते ऐकताना मला दोन पंप आठवतात.

पहिला परदेशी. दर देशी कंपन्यांपेक्षा बराच कमी होता आणि पंप खरोखर चांगला होता, आवाज नाही की गळती नाही. हमीची मुदत संपली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात कंट्रोल पॅनेलमधलं एक कार्ड गेलं. तळहाताहून लहान, हिरवं, एका कोपऱ्यात काळं पडलेलं. मोटर ठीक, पंप ठीक, वीज आहे, पण पॅनेल सुरू व्हायला तयार नाही. पासवर्ड कंपनीकडे. सर्किटचं ड्रॉइंग आम्हाला दिलेलंच नव्हतं, कारण कंत्राटात ते मागितलेलं नव्हतं. कार्ड विमानानं यायचं, सोबत ते बसवणारा इंजिनीअर यायचा, त्याचा व्हिसा व्हायचा. अकरा दिवस लागले. तेवढे दिवस अर्ध्या वस्तीला एक दिवसाआड पाणी मिळालं आणि पंपघराच्या फाटकाशी रोज सकाळी रिकामी भांडी घेऊन लोक उभे राहिले. त्यांना काय सांगणार, दर सर्वात कमी होता म्हणून?

मग धोरण बदललं. दुसरा पंप देशी प्राधान्याच्या नियमातून आला, जास्त पैसे मोजून. आम्हाला आनंद झाला होता. सहा महिन्यांनी रंगकाम करताना पितळी नेमप्लेट काढली, तर तिच्याखाली आणखी चार भोकं दिसली, जराशी लहान, वेगळ्या मापाची. आधीची नेमप्लेट काढून वर ही ठोकली होती. पॅनेल उघडलं तर आत त्याच जातीचं परदेशी कार्ड. ते गेलं तेव्हा देशी पुरवठादारानंही तेच सांगितलं, बाहेरून मागवावं लागेल. या वेळी नऊ दिवस. म्हणजे आम्ही जादा पैसे दिले ते चार रिव्हेटचे.

या दोन पंपांनी मला जे शिकवलं तेच तुम्हाला सांगायचं आहे. देशी पुरवठादाराला प्राधान्य जरूर द्या, मी त्याच बाजूचा आहे. पण जादा पैसे पुरवठादाराच्या पत्त्यासाठी देऊ नका. वस्तू बनवण्याची, उघडण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या देशात राहणार असेल तरच द्या, उघडपणे द्या, आणि किती वर्षं देणार ते आधी लिहून ठेवा.

रक्कम लहान नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांत सरकारी खरेदी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे 13 टक्के भरते. एवढा मोठा गिऱ्हाईक दुसरा कोणी नसतो. तो कसा खरेदी करतो त्यावर कारखाने उभे राहतात नाहीतर बसतात, मग ते त्याच्या मनात असो वा नसो. तेव्हा "आम्ही फक्त स्वस्तातलं घेतो, उद्योगधोरण आमचं काम नाही" असं खरेदी विभागाला म्हणता येत नाही.

आता सर्वात कमी दर म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. पोलंडनं 2009 साली लोद्झ आणि वॉर्सा यांच्यामधल्या ए-2 महामार्गाच्या दोन टप्प्यांचं, सुमारे 49 किलोमीटरचं काम एका चिनी सरकारी कंपनीच्या गटाला दिलं. सरकारचा स्वतःचा अंदाज सुमारे 2.8 अब्ज झ्लॉटींचा (झ्लॉटी हे पोलंडचं चलन) होता आणि या गटानं सुमारे 1.3 अब्ज भरले होते. निम्म्याहून कमी! असा आकडा पाहून ज्याला घाम फुटायला हवा, त्यानं सही केली. पुढे मालाचे भाव चढले. दर वाढवून द्यायला पोलंड तयार नव्हता. स्थानिक उपठेकेदारांचे पैसे थकले, ते रस्त्यावर उतरले आणि जून 2011 मध्ये कंत्राट रद्द झालं. एका वर्षावर युरो 2012 ची फुटबॉल स्पर्धा आणि रस्ता अर्धवट. मग नव्या कंत्राटदारांकडून धावपळ करून, जास्त पैसे मोजून तो वाहतुकीला खुला करावा लागला.

ही गोष्ट देशी उद्योगांच्या बाजूनं बोलणारे हमखास सांगतात आणि इथेच थांबतात. पुढचा भाग असा की त्यातला एक टप्पा हाती घेणारी पोलिश कंपनी 2012 मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली. परवडणार नाही असा दर परदेशी माणसानं भरला काय आणि देशी माणसानं भरला काय, खड्डा तोच.

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या पुलाच्या नव्या पूर्व भागाचं. त्याचा मनोरा आणि रस्त्याचे पोलादी भाग शांघायमध्ये बनले. अमेरिकी मालाची अट लागू होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियानं त्या कामाला केंद्राचा निधी घेतला नाही आणि त्यातून सुमारे 40 कोटी डॉलर वाचतील असा हिशेब मांडला. शांघायच्या कारखान्यात वेल्डिंगमध्ये चिरा सापडल्या, तपासणीसाठी माणसं समुद्रापार पाठवावी लागली, वेळ आणि पैसा वाढत गेला. पूल सप्टेंबर 2013 मध्ये खुला झाला, एकूण खर्च सुमारे 6.4 अब्ज डॉलर.

पण त्याच वर्षी मार्चमध्ये, ताण देऊन आवळलेल्या 96 जाड पोलादी सळयांपैकी 32 तुटल्या. त्या अमेरिकेतच बनलेल्या होत्या. फार कठीण केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरला की ते ताणाखाली ठिसूळ होऊन अचानक तुटतं, आणि अशा पोलादावर जस्ताचा गरम मुलामा देणं हीच जोखीम असते. स्पेसिफिकेशन लिहितानाच ही चूक शिरली होती. एकाच पुलावर परदेशी वेल्डिंगलाही चिरा आणि देशी सळयाही तुटलेल्या. मी नव्या इंजिनीअर मुलांना हे नेहमी सांगत असे. तपासणारा डोळा आपला हवा, आणि तो डोळा तयार व्हायला ती वस्तू कधीतरी आपल्या हातानं बनवलेली असावी लागते. ज्यानं कधी वेल्डिंग केलं नाही, त्याला दुसऱ्याच्या वेल्डिंगमधली चूक दिसत नाही. देशी क्षमतेसाठी मी भांडतो त्याचं हे सर्वात मोठं कारण आहे. रोजगाराचा मुद्दा त्याच्यानंतर येतो.

रोजगाराबद्दल एवढंच म्हणेन की देशात खर्च केलेला पैसा पगार होतो, पगारातून कर येतो, हे खरं आहे. पण त्याच जादा पैशातून दुसरीकडे शाळा, दवाखाना, पाइपलाइन झाली असती, तिथेही माणसांना काम मिळालं असतं. तो न झालेला दवाखाना कोणाला दिसत नाही, म्हणून हिशेबात येत नाही. देशी प्राधान्याची बाजू मांडणाऱ्यांनी तो धरला पाहिजे. मीही.

प्राधान्य आंधळं झालं की काय होतं, ते स्कॉटलंडच्या बोटींनी दाखवलं. बेटांवर जाणाऱ्या दोन फेरीबोटींचं काम 2015 मध्ये क्लाइड नदीकाठच्या एका देशी गोदीला 9 कोटी 70 लाख पौंडांना दिलं गेलं. हेतू चांगला होता, शेकडो वर्षांची जहाजबांधणी तिथे शेवटच्या घटका मोजत होती. पण काम फसलं तर खरेदीदाराचे पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी गोदी देऊ शकली नाही. बोटी मागवणाऱ्या सरकारी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ही काळजी बोलून दाखवली होती, तरी कंत्राट झालं. नोव्हेंबर 2017 मध्ये पहिल्या बोटीचं मोठ्या थाटात जलावतरण झालं. तेव्हा तिच्या पुढच्या बाजूला खिडक्या बसवलेल्याच नव्हत्या, खिडक्यांच्या जागी काळा रंग फासला होता.

त्या रंगाकडे नीट पाहा. प्रत्येक खरेदी समितीच्या खोलीत त्या बोटीचा फोटो लावावा असं मला वाटतं. 2019 मध्ये गोदी बुडाली आणि सरकारनं ती ताब्यात घेतली. पहिली बोट 2018 ला यायची होती, प्रवासी घेऊन ती निघाली जानेवारी 2025 मध्ये. दुसरी तेव्हाही गोदीतच होती. दोन्ही मिळून खर्च मूळ दराच्या तिपटीहून वर गेला. ज्या बेटांवरच्या लोकांसाठी हे सगळं, ते या काळात जुन्या, सतत बंद पडणाऱ्या बोटींवर अवलंबून राहिले. शेवटी 2022 मध्ये पुढच्या बोटी तुर्कस्तानातल्या गोदीकडून मागवल्या, आणि त्याही वेळेवर आल्या नाहीत.

त्या गोदीतल्या कामगारांना मी दोष देत नाही. आराखडा पक्का नसताना पत्रा कापायला लावला तर कोणाच्याही हातून हेच होईल. दोष काम देणाऱ्याचा आहे. देशी माणसाला काम द्यायचं म्हणजे त्याला परीक्षेतून सूट द्यायची, असा अर्थ त्यानं घेतला. खरं तर ज्याला आपण जादा पैसे देतो त्याची परीक्षा अधिक कडक हवी.

मग हे नीट करता येतं का? येतं. दक्षिण कोरियानं करून दाखवलं. 1994 मध्ये त्यांनी अतिवेगवान रेल्वेसाठी फ्रान्सच्या कंपनीशी करार केला, 46 गाड्यांचा. त्यातल्या 12 फ्रान्समध्ये बनल्या. उरलेल्या 34 कोरियात, कोरियन हातांनी, फ्रेंच ड्रॉइंगवरून. ड्रॉइंग मागून घेतलं होतं, हे मी अधोरेखित करतो, कारण आमच्या पॅनेलचं कोणी मागितलं नव्हतं. 2004 मध्ये गाड्या धावू लागल्या. 2010 मध्ये देशातच आखलेली पुढची गाडी रुळावर आली. तिच्यात सुरुवातीला बिघाड झाले, लोक चिडले, कारखान्याला दुरुस्त्या कराव्या लागल्या. आणि 2024 मध्ये त्याच देशानं उझबेकिस्तानला अतिवेगवान रेल्वेचे 42 डबे पुरवण्याचा करार केला. पहिल्या करारापासून तीस वर्षं. यात परदेशी कंत्राटदार होता, देशी कारखानाही होता, आणि शिकण्याची किंमत कोणी लपवली नाही.

याच्या शेजारी ब्राझील ठेवून पाहा. 1984 च्या कायद्यानं तिथली संगणकाची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली गेली आणि ते राखण 1992 पर्यंत चाललं. स्पर्धा नाही, बाहेर विकून दाखवण्याची सक्ती नाही. संगणक महाग आणि जुनाट राहिले, चोरट्या आयातीचा धंदा वाढला. दोन्ही देशांना आपल्याकडे विद्या यावी असंच वाटत होतं. कोरियाच्या कारखान्याला जगाच्या बाजारात उभं राहून दाखवावं लागलं, ब्राझीलच्या कारखान्याला गिऱ्हाईक कुंपणाच्या आत बांधून मिळालं.

कुंपणाला मुदत नसेल तर ते किती टिकतं याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. 1920 च्या जोन्स कायद्यानुसार त्या देशाच्या दोन बंदरांमधली मालवाहतूक तिथेच बांधलेल्या जहाजांतून करावी लागते. शंभर वर्षं उलटली. तिथलं मोठं मालवाहू जहाज आज जगातल्या दरापेक्षा कित्येक पट महाग पडतं आणि व्यापारी जहाजबांधणीत तो देश जवळपास कुठेच नाही. 2017 मध्ये मारिया वादळानं प्वेर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं बेट उद्ध्वस्त केलं तेव्हा मदत पोहोचावी म्हणून हाच कायदा दहा दिवसांसाठी बाजूला ठेवावा लागला.

पण स्वस्त तिथून घ्या आणि विसरून जा असं म्हणणाऱ्यांना 2020 चा वसंत आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. मास्क, हातमोजे, व्हेंटिलेटर. त्या एप्रिलमध्ये जागतिक व्यापार संघटनेनं मोजलं तेव्हा 80 देशांनी आणि प्रदेशांनी निर्यातीवर बंदी किंवा बंधनं घातली होती. एरवी खुल्या व्यापाराचे गोडवे गाणारे देशही त्यात होते. कंत्राट हातात होतं, पैसे दिलेले होते, माल दुसऱ्याच्या विमानतळावर अडकला. मास्क ही काही अवघड वस्तू नाही. पण त्यातलं मधल्या थराचं कापड बनवणारी यंत्रं ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना काही आठवडे नुसतं थांबून राहावं लागलं. अशा वेळी देशात चालू असलेला एक छोटा, थोडा महाग कारखाना म्हणजे विमा असतो. विम्याचा हप्ता भरताना तो नेहमी महागच वाटतो.

आता नियमांबद्दल. झुकतं माप द्यायचंच तर ते मोजून द्या. अमेरिकेत देशी मालाची तुलना करताना परदेशी दरात ठरावीक टक्के वाढवून धरतात, हल्ली समोरची देशी कंपनी मोठी असेल तर 20 आणि लहान असेल तर 30. भारताच्या 2017 च्या आदेशात वेगळी रीत आहे, सर्वात कमी दरापासून 20 टक्क्यांच्या आत असलेल्या देशी पुरवठादाराला त्या दराशी जुळवून घ्यायची संधी मिळते. दुसऱ्या रीतीत सरकारचा जादा खर्च होत नाही म्हणून ती लोकप्रिय आहे. मला तिची जरा धास्ती वाटते. जो माणूस 18 टक्के दर एका दुपारीत खाली आणतो, तो ते कुठून आणतो? पंपघरात मी त्याचं उत्तर पाहिलंय, पातळ पत्र्यात आणि हलक्या तांब्यात. त्यापेक्षा पहिली रीत सरळ आहे. किती जास्त देतोय ते लोकांना दिसतं, आणि दिसतं म्हणून विचारता येतं.

देशी म्हणजे काय हेही नेमप्लेटवर सोडू नका. किंमतीचा किती हिस्सा देशात तयार होतो ते तपासा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणता हिस्सा. कास्टिंग, पाया, रंग, वाहतूक मिळून साठ टक्के सहज भरतात. बंद पडतं ते कार्ड उरलेल्या चाळीसात असतं.

शेजाऱ्यांनाही जशास तसं वागता येतं हे विसरू नका. 2009 मध्ये अमेरिकेनं मंदीतून बाहेर पडण्यासाठी जो निधी काढला त्याला अमेरिकी लोखंड आणि पोलादाची अट होती. कॅनडातल्या कंपन्यांची कामं गेली, आणि तिथल्या नगरपालिकांनी आम्हीही तुमचा माल घेणार नाही असे ठराव करायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2010 मध्ये दोन्ही सरकारांना समझोता करावा लागला. सरकारी खरेदीचा जो आंतरराष्ट्रीय करार 1996 पासून लागू आहे आणि 2014 मध्ये सुधारला गेला, त्यात सामील असाल तर तुमचे हात काही मर्यादेपर्यंत बांधलेलेच आहेत. सगळीकडे कुंपण घालायला जाल तर तुमच्याच कारखान्यांना बाहेरची दारं बंद होतील. म्हणून थोड्याच गोष्टी निवडा. पाणी, वीज, औषधं, दळणवळण, जिथे अकरा दिवस थांबता येत नाही. खुर्च्या, कागद, दिव्यांचे खांब जगातून कुठूनही स्वस्त घ्या, त्यात कमीपणा नाही.

माझी मागणी एवढीच आहे. तुमच्या तुलनात्मक तक्त्यात नाव, दर, हमीची मुदत, पुरवठ्याचा कालावधी असे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवा: हमी संपल्यावर यंत्र बंद पडलं तर ते कोण उघडणार, कोणत्या गावातून येणार, किती तासांत, आणि लागणारा भाग कुठे बनतो. बोली लावणाऱ्यानं तो स्वतःच्या सहीनं भरावा. ड्रॉइंग आणि पासवर्ड हस्तांतरित केल्याशिवाय शेवटचं बिल निघू नये, बोली देशी असो वा परदेशी. त्या रकान्याला गुण द्या, त्या गुणांचं पैशातलं मोल निविदेच्या पहिल्या पानावर छापा, आणि तीन-चार वर्षांनी आमच्यासारख्या यंत्र चालवणाऱ्यांना बोलावून विचारा की लिहिलं होतं तसं घडलं का. ज्याचं उत्तर खोटं ठरेल त्याला पुढच्या फेरीत गुण देऊ नका.

पहिल्या पंपाचं जळलेलं कार्ड मी टाकून दिलेलं नाही. समितीला हवं असेल तर घेऊन येईन. टेबलावर, लिफाफ्यांच्या शेजारी ठेवता येईल एवढंच आहे ते.

कळावे,

आपला विश्वासू,
पंपघरातून निवृत्त झालेला एक अभियंता